पट्टीखालचं नाव

मागच्या पावसाळ्यात ओल आली म्हणून माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. वर आईची दोन लुगडी, त्याखाली माझी कॉलेजची सर्टिफिकेटं, आणि अगदी तळाला वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक स्मरणिका. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत आम्ही केलेल्या नाटकाची. सोळा पानं, गुलाबी मुखपृष्ठ, पिनांना गंज चढून आजूबाजूचा कागद तपकिरी झालेला. तिसऱ्या पानावर भूमिकांची यादी आहे. तिच्या दुसऱ्या ओळीवर बोटभर लांबीची पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवलेली आहे आणि त्या पट्टीवर एक नाव छापलेलं आहे. इतक्या वर्षांनी पट्टीचं डावं टोक सुटून वर वळलं होतं आणि खालून दीड अक्षर दिसत होतं. मी अंगठ्यानं ते टोक दाबून बसवायला गेले. बसेना. पुन्हा दाबलं. मग आपण काय करतोय ते लक्षात आलं आणि हात मागे घेतला.

ती पट्टी मीच चिकटवली होती.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. सांगलीत राहायचे आणि आमच्या संस्थेत प्रॉम्प्टिंगला बसायचे. नायिकेचं काम एक शिक्षिका करायच्या. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणायचो. शाळा सुटली की साडी न बदलता थेट तालमीला यायच्या, पिशवीतून भडंगाचा पुडा काढायच्या आणि पहिला घास मला द्यायच्या, कारण विंगेत बसणाऱ्या मुलीची कुणाला आठवण राहत नाही असं त्यांचं म्हणणं. त्यांना मला कधीच वाक्य द्यावं लागलं नाही. एकदा एका प्रवेशात त्या मुद्दाम थांबल्या. मी घाबरून पुढचं वाक्य पुटपुटले, तर नंतर हसून म्हणाल्या, “अगं, तो पॉज होता. पण जागी होतीस, बरं वाटलं.” त्याच महिन्यात संपावर गेलेल्या कामगारांच्या गेटसभेत त्या पाच-सात मिनिटं बोलल्या. त्यांच्या वर्गातल्या तीन मुलांच्या घरी चूल पेटत नव्हती, तेवढंच त्यांनी सांगितलं. आमच्या स्मरणिकेच्या मागच्या पानाची जाहिरात आणि नेपथ्याचा खर्च एका बड्या गृहस्थांकडून येणार होता. त्यांच्याकडून निरोप आला. निरोपात धमकी नव्हती, रागही नव्हता. नुसतं एवढंच, की या बाई असतील तर आम्हाला जरा विचार करावा लागेल.

पाचशे प्रती छापून झाल्या होत्या. प्रेसवाल्यानं नव्या नावाच्या पट्ट्या छापून, कापून दिल्या. दिग्दर्शक दादांच्या घरी जमिनीवर बसून आम्ही तिघींनी त्या रात्री अकरापर्यंत चिकटवल्या. वहिनींनी मैद्याची खळ करून दिली होती. तिला कोमट, किंचित आंबूस वास येत होता, तो मला आजही आठवतो. मी मध्येच विचारलं, “ताईंना सांगितलंय ना?” दादा म्हणाले, “बघतो मी ते. तू पट्टी सरळ बसव, वाकडी दिसतेय.” आणि मी सरळ बसवली. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. त्या रात्री मला माझ्या हाताचं कौतुक वाटत होतं. माझी एकही पट्टी वाकडी गेली नव्हती.

ताईंना कुणीच काही सांगितलं नाही. तालमीची जागा तेवढी बदलली.

ट्रंक उघडली त्याच आठवड्यात मुलीनं लॅपटॉपवर एक जुना इंग्रजी चित्रपट लावला होता, १९४०चा ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’. पाच बहिणींतली मधली, चष्मिष्ट, पुस्तकी मेरी बेनेट पियानोवर बसून बेसूर गाते आणि सगळी मेजवानी अवघडून जाते, तो प्रसंग आला. मुलगी हसत होती. मी पडद्यावरच्या त्या मेरीच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. बेसूर गाणं सुरात गाण्यापेक्षा कठीण असतं, हे गाण्याच्या क्लासला गेलेल्या कुणालाही ठाऊक असतं. सूर नेमका कुठे आहे हे पक्कं माहीत असेल तरच तो इतक्या बेतानं चुकवता येतो. ही नटी कोण म्हणून शोधलं. मार्शा हंट. जन्म १९१७, शिकागो. मग तिच्या चित्रपटांची यादी उघडली आणि बोटानं खाली सरकवत गेले. १९३५पासून एकामागून एक चित्रपट. नुसती गर्दी. १९४९पर्यंत पन्नासाच्या वर. आणि तिथून पुढे यादी एकदम विरळ होते. एखाद्या भरल्या वाड्यातली माणसं एका रात्रीत निघून जावीत तशी.

सतराव्या वर्षी पॅरामाउंट स्टुडिओनं तिला करारावर घेतलं. पुढे ती एमजीएमकडे गेली. सुंदर होती, पण तिला नुसतं सुंदर दिसण्यात रस नव्हता. दर वेळी वेगळं माणूस व्हायचं, हा तिचा ध्यास. १९४४चा ‘नन शॅल एस्केप’ मी नंतर मुद्दाम मिळवून पाहिला. महायुद्ध संपायच्या आत काढलेला हा चित्रपट युद्धानंतर नाझी अधिकाऱ्यावर चालणाऱ्या खटल्याची कल्पना करतो. त्यात ती पोलंडमधल्या गावातली शिक्षिका आहे, आणि अनेक वर्षांचा काळ तिच्या चेहऱ्यावरून सरकत जातो. हा चित्रपट लिहिणारा लेस्टर कोल तीनच वर्षांत वॉशिंग्टनला चौकशी समितीपुढे उभा राहिला आणि पुढे तुरुंगात गेला. नाझींविरुद्ध लिहिणाऱ्या माणसाला त्याच्याच देशात देशद्रोही ठरायला किती कमी वेळ लागला, याचा मी चित्रपट बघताना सारखा हिशेब करत होते.

१९४७च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाच्या समितीनं हॉलिवूडमधल्या कम्युनिस्टांची चौकशी सुरू केली. तुम्ही कम्युनिस्ट पक्षाचे सभासद आहात का, किंवा कधी होतात का, हा तो प्रसिद्ध प्रश्न. माझा पक्ष विचारण्याचा तुम्हाला हक्क नाही, अशी भूमिका दहा जणांनी घेतली. त्यांना पाठिंबा द्यायला कलावंतांचं एक विमान कॅलिफोर्नियातून वॉशिंग्टनला गेलं. हम्फ्री बोगार्ट, लॉरेन बकॉल, डॅनी के, दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन, आणि नवऱ्याबरोबर मार्शा हंट. ती कम्युनिस्ट नव्हती, कधीच नव्हती. घटनेनं दिलेल्या हक्काबद्दल बोलायला निघाली होती. ‘हॉलिवूड फाइट्स बॅक’ या रेडिओ कार्यक्रमातही ती बोलली. परत येईपर्यंत हवा फिरली होती. महिन्याभरात स्टुडिओंचे मालक न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात जमले आणि त्या दहा जणांना कामावरून काढून टाकत असल्याचं त्यांनी जाहीर केलं. बोगार्टनं पुढच्या वर्षी आपण कम्युनिस्ट नसल्याचा लेख छापून आणला आणि ते वॉशिंग्टनला जाणं चुकलंच असं म्हणून मोकळा झाला. मला त्याच्यावर दगड उचलवत नाही. तो बोगार्ट होता आणि घाबरला. मग आम्ही कोण?

मार्शा हंटनं माफी मागितली नाही. मार्च १९५०मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तिचा फोटो होता, ब्रॉडवेवर तिचं नाटक चालू होतं. त्याच वर्षी जूनमध्ये ‘रेड चॅनल्स’ नावाचं एक पुस्तक निघालं. मुखपृष्ठावर मायक्रोफोन पकडायला आलेला लाल पंजा, किंमत एक डॉलर. ते काढणाऱ्या मंडळींची पत्रिका एफबीआयमधून बाहेर पडलेल्या तिघांनी सुरू केली होती. आत रेडिओ, टीव्ही आणि नाटकातल्या १५१ जणांची नावं अकारविल्हे लावलेली, आणि प्रत्येक नावाखाली कुठल्या अर्जावर सही, कुठल्या सभेला हजेरी, कुठल्या संस्थेला पाठिंबा, याची टाचणं. आरोप नाही, खटला नाही, शिक्षा नाही. मार्शा हंटचं नाव त्यात होतं. कुठल्याही समितीनं तिला कधी बोलावलं नाही. बोलावलं असतं तर निदान उत्तर तरी देता आलं असतं.

त्या यादीचं खरं बळ मला इथे दिसतं. मार्शा हंटला कुणी काही सांगत नाही. फोन वाजायचा थांबतो. ठरत आलेलं काम ठरत नाही, आणि कारण विचारलं तर आवाजात साखर घालून काहीतरी वेगळंच सांगितलं जातं. पुढे तिच्यापुढे सौदा ठेवला गेला. झाल्या गोष्टीबद्दल पश्चात्ताप जाहीर कर, मग बघू. तिनं नाही म्हटलं. तेव्हा ती तेहतिशीच्या उंबरठ्यावर होती.

हे वय मनात घोळत राहतं. त्या दहा जणांत लेखक पुष्कळ होते, आणि लेखकाला चोरवाट असते. डाल्टन ट्रम्बो तुरुंगातून आला आणि खोट्या नावांनी लिहीत राहिला. ‘रॉबर्ट रिच’ या नावानं लिहिलेल्या त्याच्या चित्रपटकथेला ऑस्कर मिळालं आणि ते घ्यायला व्यासपीठावर रॉबर्ट रिच आलाच नाही, कारण त्या नावाचा लेखक नव्हताच. हाल त्याचेही झाले, हे मला माहीत आहे. पण नटीनं काय करावं? चेहऱ्याला टोपणनाव घेता येत नाही. लेखकाची दहा वर्षं कागदावर साठून राहू शकतात. बाईच्या चेहऱ्यावरची तेहतीस ते त्रेचाळीस ही वर्षं कॅमेऱ्यानं टिपली नाहीत तर ती कुठेच उरत नाहीत. मार्शा हंटनं त्या दहा वर्षांत कोण कोण व्हायचं राहून गेलं, ते आपल्याला कधीच दिसणार नाही. वाया गेलेल्या भूमिकांची यादी कुणी छापत नाही.

तिच्यासारख्या आणखी होत्या. अ‍ॅन रिव्हियर, ‘नॅशनल व्हेल्व्हेट’साठी ऑस्कर मिळवलेली, कणखर आईच्या भूमिका करणारी. १९५१मध्ये तिनं समितीपुढे उत्तर द्यायला नकार दिला, आणि ‘अ प्लेस इन द सन’मधली तिची माँटगोमेरी क्लिफ्टच्या आईची भूमिका कात्रीनं दोन-चार प्रसंगांवर आणली गेली. मग जवळजवळ वीस वर्षं चित्रपट नाही. किम हंटरला ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’मधल्या स्टेलासाठी ऑस्कर मिळालं आणि पाठोपाठ दारं बंद झाली. पुढे तिला घराघरांत ओळखू लागले ते १९६८च्या ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’मधली चिंपांझीण म्हणून. तासन्‌तास बसून रबराचा मुखवटा चढवायचा आणि त्यातून डोळे तेवढे उरलेले. त्या डोळ्यांनी तिनं काय काम केलंय! पण मला ते बघताना बरं वाटत नाही. चेहरा झाकल्यावर ती पुन्हा सगळ्यांना दिसली.

आणि ली ग्रँट. पहिल्याच चित्रपटासाठी, ‘डिटेक्टिव्ह स्टोरी’साठी, कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्री, ऑस्करचं नामांकन. तिचा एक ज्येष्ठ सहकारी, जे. एडवर्ड ब्रॉमबर्ग, समितीच्या ससेमिऱ्यानं खंगून गेला. त्याच्या शोकसभेत ती एवढंच बोलली, की या छळानं त्याचा जीव घेतला. बारा वर्षं काम गेलं. नवऱ्याविरुद्ध साक्ष दे म्हणाले, तिनं दिली नाही. तिनं पुढे एक गोष्ट सांगितली आहे ती माझ्या अंगावर येते. चौकशीत आपल्या तोंडून कुणाचं नाव निघेल या धास्तीनं तिला नावंच आठवेनाशी झाली. समोरच्या ओळखीच्या माणसाचं नाव घ्यायची वेळ आली की डोकं कोरं. भीती संपली, यादी संपली, १९७६मध्ये ‘शाम्पू’साठी ऑस्करही हातात आलं, पण नावं विसरणं काही तिला सोडून गेलं नाही.

हे सगळं कोण चालवत होतं? वॉशिंग्टनची समिती, स्टुडिओंचे मालक, ही मोठी माणसं पुस्तकांत आहेत. माझं लक्ष मात्र सिराक्यूज गावच्या एका वाण्यावर खिळलं. लॉरेन्स जॉन्सन. चार-दोन सुपरमार्केटांचा मालक. यादीतल्या कलावंताला कार्यक्रमात घेतलंत तर तुमच्या मालाशेजारी, हा माल विकत घेताना विचार करा, अशी पाटी लावीन, एवढी धमकी तो प्रायोजक कंपन्यांना द्यायचा, आणि कंपन्या नमायच्या. साबण आणि टूथपेस्टच्या फळीवरून कुणी अभिनय करायचा ते ठरत होतं. १९६२मध्ये जॉन हेन्री फॉक या रेडिओ कलावंतानं लावलेल्या खटल्यात किम हंटरनं साक्ष दिली, आणि ज्यूरीनं पस्तीस लाख डॉलरची भरपाई ठरवली, वरच्या कोर्टात ती बरीच कमी झाली तरी. पण त्या वाण्याच्या दुकानात पाटी रंगवणारा, ती फळीवर सरळ बसवणारा पोऱ्या कुणी असेलच की. त्याचं नाव कुठल्याच खटल्यात नाही.

आपल्याकडे हे नवीन नाही. मी लहान होते तेव्हा आणीबाणीत विविध भारतीवरून किशोरकुमारचा आवाज नाहीसा झाला होता. घरात वडील म्हणायचे, रेडिओचा सेल उतरला असेल. ते तसं का म्हणायचे हे मला मोठेपणी कळलं. त्याच काळात ‘संस्कार’ या कन्नड चित्रपटाची नायिका स्नेहलता रेड्डी बंगळूरच्या तुरुंगात दम्यानं घुसमटत होती. पॅरोलवर सुटली आणि काही दिवसांत, जानेवारी १९७७मध्ये गेली. आणि १९७५च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्षपदावरून स्पष्ट बोलल्या, पुढे त्याचं मोल तुरुंगात जाऊन दिलं. कऱ्हाड सांगलीपासून फार लांब नाही. आमचे दादा त्या मांडवात होते. दुर्गाबाईंचं नाव काढलं की त्यांचा गळा दाटून यायचा. त्यांचं ते भरून येणं खरं होतं, आणि पट्टी सरळ बसव म्हणणंही खरं होतं. हे दोन्ही एका माणसात कसं मावत होतं, ते मी अजून जुळवू शकलेले नाही.

मार्शा हंट १०४ वर्षं जगली. सप्टेंबर २०२२मध्ये गेली. काम थांबल्यावर ती निर्वासितांसाठी, संयुक्त राष्ट्रांच्या कामासाठी, बेघरांसाठी राबली. १९७१मध्ये ट्रम्बोनं स्वतः दिग्दर्शित केलेल्या चित्रपटात तिनं आईची भूमिका केली, तेव्हा सेटवर कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना यादीतलीच माणसं. तिच्या म्हातारपणीच्या मुलाखती मी पाहिल्या. ताठ पाठ, नीट बसवलेले केस, वाक्यं शेवटपर्यंत पूर्ण करणारी. कडवटपणाचा लवलेश नाही, असं तिच्याबद्दल सगळेच लिहितात. ते वाचताना मला आधी आदर वाटतो आणि मग राग येतो. तिचा गोडवा तिच्या कमाईचा होता. आपण तो पावतीसारखा वापरतो, बघा, त्यांची काही तक्रार नव्हती, आणि वही मिटवून टाकतो.

ताईंचीही तक्रार नव्हती. सात-आठ वर्षांनी मारुती चौकात भाजी घेताना भेटल्या. मेथीची जुडी हातात, चष्म्याची काच ओरखडलेली. “अजून प्रॉम्प्टिंग करतेस का गं?” म्हणाल्या. मी नाही म्हटलं. त्यांनी काम पुन्हा केलं का, हे मी विचारलं नाही. मला माहीत होतं. आमच्या शाळेतल्या हॉलचा रखवालदार मला तेव्हाच सांगून गेला होता, की तालमीची जागा बदलल्यावर त्या ओळीनं तीन दिवस संध्याकाळी येऊन कुलूपबंद दाराशी थांबल्या होत्या. पिशवी घेऊन. हे मी आजवर कुणाशी बोलले नव्हते.

परवा स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवलं आणि स्मरणिकेचं तिसरं पान वाफेवर धरलं. खळ जुनी, सुटायला वेळ लागला नाही. पट्टी अखंड निघाली, वाळलेल्या पानासारखी. खाली नाव पूर्ण नव्हतं. खळीच्या वासानं कसर लागली होती. पट्टीला धक्का न लावता तिनं खालचा कागद आतल्या आत खाल्ला होता. पहिलं दीड अक्षर, आडनावातला एक काना, आणि मधे बारीक बारीक भोकं. त्या भोकांतून पुढच्या पानावरची चहाच्या दुकानाची जाहिरात दिसत होती.

ताईंच्या शाळेत फोन केला, तिथून त्यांच्या भाचीचा नंबर मिळाला, तिच्याकडून त्यांचा. दुपारी चारला लावला. बराच वेळ वाजला. मग आवाज आला, थकलेला, पण तोच. मी नाव सांगितलं. त्यांना लागलं नाही. म्हटलं, “ताई, मी विंगेत बसायचे.”

त्या थांबल्या. पॉज आहे की विसरल्या, ते मला कळेना. मी काही पुटपुटले नाही.

“हां हां,” त्या म्हणाल्या. “बोल गं.”

पान समोर ओट्यावर वाळत होतं. तालमीची जागा बदलली त्या दिवसापासून मी सांगायला सुरुवात केली.